हातचा एक

एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश
बरोबर दोन पंचमांश.
चौतीसपैकी एकोणीस पेपरांत.

लाल पेन सोडून हिरवं घेतलं त्याला सात वर्षं झाली;
वरून निरोप आला होता, लाल रंग मुलांना लागतो.
हिरव्यानेही चूक तेवढीच चूक दिसते.

बाहेर उणे सत्तावीस.
उणे म्हणजे काय, हे इथे, मिनेसोटाच्या या टोकाला,
पहाटे गाडी सुरू करणाऱ्या कुणालाही विचारा.
तरी फळ्यावर उणे तीन वजा उणे पाच लिहिलं
की वर्ग माझ्याकडे असा बघतो
जणू मी त्यांच्या खिशात हात घातलाय.

गॉर्डन म्हणतो, "आळशी आहेत, इर्मा. कष्ट नकोत कुणाला."
एकोणीसशे चौऱ्याण्णवपासून म्हणतो.
चौऱ्याण्णवचे आळशी आता
यांचे आईबाप आहेत, खाणीत तीन पाळ्या करतात.
पण तो अगदीच खोटं बोलतो असंही नाही.
मागच्या सोमवारी सत्तावीस गृहपाठ आले,
सत्तावीस जणांचं एकच स्पष्टीकरण,
तेच शब्द, तोच स्वल्पविराम,
सगळं बिनचूक.
मी एखादी प्रामाणिक चूक शोधत बसले होते,
हरवलेला हातमोजा शोधावा तशी.

मला वाटतं, कुठेतरी हातचा राहिला.
चौथीच्या बाईंनी तो पाचवीवर सोडला,
पाचवीने सहावीवर,
जो तो डोक्यावर बारीक एक लिहून पुढे सरकला,
मिळवला कुणीच नाही.
आता माझा रकाना.
डावीकडे आणखी रकाना नाही.

(आणि मीही. दोन वर्षांपूर्वी एकीला
काठावरून ढकललं पलीकडे. नाव घेत नाही.
ती आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे,
मिनिटाला किती थेंब, याचा हिशेब करते.
त्या दवाखान्यात माझा भाऊ ऑइनो
दर गुरुवारी नळी लावून पडलेला असतो.)

ट्रेव्हर झुपान्सिच सकाळी आठला येतो,
रात्रभर बर्फाचा नांगर चालवून.
बुटांचं मीठ गालिच्यावर पांढरी कडी उमटवतं.
पहिली वीस मिनिटं तो बसल्याबसल्या झोपतो,
मी आवाज थोडा खाली घेते, का ते माहीत नाही.
एकदा विचारलं, "मीठ किती, वाळू किती?"
"एकास तीन," म्हणाला, डोळे न उघडता.
"फार गारठलं की मीठ चालतच नाही.
मग नुसती वाळू."
मी धावत फळ्याकडे गेले,
एक चतुर्थांश, तीन चतुर्थांश,
बघ, हे तुला येतं, हे तू रोज रात्री करतोस!
त्याने सगळं उतरवून घेतलं.
समजूतदारपणे मान हलवली,
आजारी माणसापुढे हलवतात तशी.

हा त्याचा पेपर.
दोन पंचमांश.

बाजूला टाकणार होते,
पण त्या जागी कागद पातळ झालाय,
रबराने जवळजवळ फाटलाय.
टेबलावरच्या दिव्यापुढे धरला.
खाली, पुसट, उलट्या हाताच्या वळणाचं:
पाच षष्ठांश.

म्हणजे आलं होतं.
आलं होतं, आणि त्याला वाटलं
आपल्याला आलेलं बरोबर कसं असेल.

खोडलेल्या उत्तराला गुण नसतात.
नियम माझाच आहे, पहिल्या दिवशी वाचून दाखवते.
शून्य दिला. हिरव्यात.

मग बराच वेळ
खिडकीखालून त्याचा नांगर जाईल म्हणून बसले,
त्याचाच असेल असं नाही, गावात चार आहेत.
पिवळा दिवा छतावरून फिरून गेला.
मी पेन्सिल घेतली
आणि त्या पातळ झालेल्या जागेच्या डोक्यावर
बारीक एक लिहिला.
बेरजेत धरला नाही.